टर्कीच्या शिकारीला घरचे सगळे न्यायचे असतील तर आधी कोण कुठे बसणार ते ठरवा

प्रश्न वाचला. म्हणजे तुम्ही अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनला, एच-१बी व्हिसावर, ऑफिसातल्या मित्राचं व्हर्नन काउंटीत घरचं शेत आहे, त्याने मे महिन्यात टर्कीच्या शिकारीला "सगळ्यांना घेऊन ये" म्हटलंय, आणि सगळे म्हणजे तुम्ही, बायको, अकरा वर्षांचा मुलगा आणि नाशिकहून सुट्टीला येणारा मेहुणा. विचारलंय काय, तर बंदूक कुठली घेऊ, कॉल (टर्कीचा आवाज काढायचं साधन) कुठला चांगला, आणि बायको विचारतेय की हे खायला बरं लागतं का.

बंदूक आणि कॉलचं सांगते, पण तुमची खरी अडचण ती नाहीच. एवढी माणसं, त्यातला शिकारीचा अनुभव असलेला एकच, आणि पक्षी असा की पापणी हलली तरी पळतो. त्यामुळे कोण बंदूक धरणार, कोण त्याच्या शेजारी बसणार, कोण आवाज काढणार आणि कोण घरी थांबून चहा ठेवणार, हे आदल्या रात्री पक्कं झालं तर बाकीचं जमतं, नाही तर महागातली बंदूक घेऊन पण काही उपयोग नाही. मी ला क्रॉसच्या बाजूला राहते, सासरचे डेअरीवाले, शिकार त्यांच्याकडूनच शिकले आणि आता हंटर एज्युकेशनच्या कोर्सला व्हॉलंटियर म्हणून शिकवते, तर जे सांगतेय ते मुख्यतः विस्कॉन्सिनचं समजा. दुसऱ्या राज्यात नियम बदलतात, कधी कधी बरेच बदलतात.

आधी व्हिसाचं, कारण हे आपल्या लोकांना कोणी सांगतच नाही. अमेरिकेत नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूसं बाळगणं फेडरल कायद्याने गुन्हा आहे, एच-१बी, एच-४, टूरिस्ट सगळे त्यात आले. त्याला जे थोडे अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा एकच, राज्याने दिलेलं हंटिंगचं वैध लायसन्स तुमच्याकडे असणं. म्हणजे क्रम असा की लायसन्स आधी, मग बंदुकीला हात. नुसतं रेंजवर प्रॅक्टिसला जातोय, मित्राचीच बंदूक आहे, पाच मिनिटं धरली, असली कारणं चालत नाहीत, हातात घेणं पण बाळगण्यातच मोजलं जाऊ शकतं. मुलगा एच-४ वर असेल तर त्याचंही स्वतःचं लायसन्स. ग्रीन कार्डवाल्यांना ही भानगड नाही. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी बंदूक विकत घेऊच नका, मित्राची वापरा, आणि ग्रीन कार्डची फाइल चालू असेल तर इमिग्रेशन वकिलाला एक मेल टाकून विचारून घ्या, तेवढे पैसे गेले तरी चालतील.

मेहुण्याने बंदुकीला हात लावू नये. कागदोपत्री त्यालाही लायसन्स काढता येईल, पण चार दिवसांच्या पाहुण्यासाठी कशाला. आणि त्याने नाशिकला फोटो पाठवले की पहिला फोन येणार "अरे हे कायदेशीर आहे का", कारण आपल्याकडे वन्यजीव कायद्याने शिकार बंदच आहे. इथे पण हा पक्षी एकेकाळी संपला होता हे त्याला सांगा. विस्कॉन्सिनमध्ये शेवटची रानटर्की १८८१ मध्ये डार्लिंग्टनजवळ दिसली, त्यानंतर जवळपास शंभर वर्षं काही नाही. मधे पाळीव जातीचे पक्षी सोडून बघितले, ते जगले नाहीत. मग १९७६ मध्ये मिझुरी राज्यातून पकडलेल्या जंगली टर्की आणून सोडल्या, त्या बदल्यात मिझुरीला इथले ग्राउस पक्षी दिले, आणि सोडल्या कुठे तर तुमच्या मित्राच्या व्हर्नन काउंटीतच. शिकार परत सुरू झाली १९८३ मध्ये. त्यामुळे तिथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांशी बोलाल तर त्यांना लहानपणी टर्की आठवत नाही, माझ्या सासऱ्यांना पण नाही.

आता माणसांची जुळवाजुळव. इथे १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला लायसन्स काढायला हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. कोर्स नसेल तर मेंटॉर्ड हंटिंगची सोय आहे, त्यात अनुभवी माणूस हात लांब केला की पोचेल एवढ्या अंतरावर बसायला लागतो आणि एका वेळी एकाच शिकाऊला सांभाळू शकतो. इथेच तुमचं गणित फसतं बघा. मित्र एक, शिकाऊ दोन, तुम्ही आणि मुलगा. मित्र मुलाजवळ बसला तर तुम्हाला बंदूक नाही, तुमच्याजवळ बसला तर मुलाला नाही. आणि "मी बाप आहे, मी बसतो मुलाजवळ" हेही चालत नाही, कारण मेंटॉरचा स्वतःचा कोर्स झालेला आणि लायसन्स असलेलं लागतं. म्हणून तुम्ही आत्ताच कोर्स करून टाका, अठराच्या वरच्यांना तो पूर्ण ऑनलाइन करता येतो. तो झाला की कागदावर तुम्ही मुलाचे मेंटॉर होऊ शकता, तरीसुद्धा पहिल्या वर्षी मी म्हणेन की मुलाजवळ मित्रालाच बसू दे. ज्याने स्वतः कधी टर्की जवळ येताना बघितली नाही त्याने दुसऱ्याला "थांब, आता नाही, आता" हे सांगणं अवघड आहे, आपलेच हात थरथरत असतात.

एक सकाळ, एक बंदूक. हा माझा नियम, कायद्यात असा नाही. पहिल्या दिवशी मुलगा, दुसऱ्या दिवशी तुम्ही. ज्याची पाळी नाही त्याने मागे नुसतं बसायचं. दोन नवशिके दोन बंदुका घेऊन एकाच बांधाला बसलेले मला बघवत नाहीत, पक्षी दोघांच्या मधून चालत येतो आणि मग दोघांच्याही नळ्या फिरायला लागतात. आणि टॅग (एक पक्षी मारायचा परवाना) ज्याचा पक्षी त्याचाच, हरणासारखं ग्रुपमधल्या दुसऱ्याच्या टॅगवर मारणं टर्कीला चालत नाही.

टॅगचं पण लगेच बघा. इथे स्प्रिंग सीझन एप्रिलच्या तिसऱ्या बुधवारी सुरू होतो, सात सात दिवसांचे सहा पिरियड, आणि राज्याचे झोन पाडलेत. सोडतीसाठी अर्ज १० डिसेंबरपर्यंत करायचे असतात, ते आता गेलं, पण उरलेले टॅग मार्चमध्ये विकायला येतात आणि नंतरच्या पिरियडचे बहुतेक मिळून जातात. तुम्हाला नंतरचेच हवेत. पहिल्या आठवड्यात नर खूप ओरडतात हे खरं, पण कधी कधी बर्फ पडतो, झाडांना पान नसतं त्यामुळे लपायला जागा नाही, आणि नरांभोवती माद्या असतात म्हणून ते तुमच्या कॉलकडे बघत पण नाहीत. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून माद्या अंड्यांवर बसायला लागतात, एका घरट्यात साधारण दहा-बारा अंडी आणि अठ्ठावीस दिवस उबवण, म्हणजे सकाळी नऊ-दहानंतर नर एकटा हिंडत असतो आणि कॉल ऐकला की येतो. लहान मुलाला घेऊन जाणाऱ्यासाठी हे सोन्यासारखं, कारण पहाटे साडेतीनला उठवून रडवायचं कारण नाही, पोहे खाऊन साडेआठला गेलात तरी चालतं. सीझनच्या आधीचा एक वीकेंड सोळाच्या आतल्या मुलांसाठी राखीव असतो, तेव्हा मोठ्यांना बार काढता येत नाही, त्यामुळे गर्दी कमी, पण थंडीचं बघा.

उशिराच्या पिरियडचा तोटा एकच, गोचीड. कपड्यांवर आणि बुटांवर आदल्या दिवशी परमेथ्रिन (गोचीड मारणारं औषध) मारून पूर्ण वाळवा (अंगावर नाही, कपड्यांवरच, आणि घरात मांजर असेल तर ओल्या कपड्यांपासून लांब ठेवा), पॅन्ट मोज्यात खोचा, आणि घरी आल्यावर मुलाला काखा, जांघा, कानामागे नीट तपासा. इकडे लाइम डिसीज भरपूर आहे.

आता बसायचं कसं, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. टर्कीला वास फारसा येत नाही पण नजर जबरदस्त, डोळे दोन्ही बाजूंना असल्यामुळे मान थोडी वळवली की सगळीकडचं दिसतं, रंग पण दिसतात. मुलगा असेल तर तंबूसारखा पॉप-अप ब्लाइंड लावा, मित्राकडे असणारच. टर्कीला नवीन ब्लाइंडचं काही वाटत नाही, आत मूल थोडं हललं, खाजवलं, कुजबुजलं तरी खपतं. आत बसताना काळे कपडे, मागच्या खिडक्या बंद, नाही तर उजेडात तुमची सावली हलताना दिसते. बंदूक ट्रायपॉडवर, मुलाने उचलून धरायची नाही. ब्लाइंडमध्ये तिघं, मुलगा, मित्र, आणि मागच्या कोपऱ्यात तुम्ही. मेहुणा चौथा नको. त्याला शेतावरच्या घराच्या व्हरांड्यात बसून पहाटेचे आवाज ऐकू द्या, खरं सांगू का, पहिल्या दिवशी त्यालाच जास्त मजा येईल. बायकोला यायचं असेल तर तुमच्या पाळीच्या दिवशी तुमच्या जागी मागच्या कोपऱ्यात तिला बसवा, आणि मुलगा त्या दिवशी झोपू दे. खायला लाडू, पोळीचा रोल असलं काहीतरी न्या, चिवडा-बाकरवडी नाही. प्लास्टिकची पिशवी कुरकुरली की संपलं.

तुमच्या पाळीला ब्लाइंडशिवाय झाडाला टेकून बसायचं असेल तर खांद्यांपेक्षा रुंद बुंधा बघा, डोक्यापेक्षा उंच. मागून कोणी चुकून बार काढला तर झाड मधे येतं. हा भाग मी कोर्सला सगळ्यात जास्त वेळ घेऊन सांगते, कारण टर्कीच्या शिकारीत माणसांना जे छर्रे लागतात त्यात बरेचदा दुसऱ्या माणसाला टर्की समजलेलं असतं. सगळ्यांच्या अंगावर तिथे झाडापानांच्या नक्षीचे कपडे, सगळे टर्कीचेच आवाज काढतायत, मग होणारच. म्हणून लाल, पांढरा, निळा रंग अंगावर कुठेच नको, मोजा सुद्धा नको, टीशर्टची कॉलर पण बघा, कारण नराच्या डोक्याचे रंग तेच. झाडीत आवाज आला की त्या दिशेने रांगत जायचं नाही, कधीच नाही, तो आवाज पक्ष्याचाच आहे हे तुम्हाला माहीत नसतं. दुसरा शिकारी येताना दिसला तर हात हलवायचा नाही, टर्कीचा आवाज काढून खूण करायची नाही, जागेवर बसूनच माणसाच्या आवाजात जोरात ओरडायचं. सकाळ वाया गेली तर गेली. आणि पक्षी मिळाला की भगव्या कपड्यात गुंडाळून बाहेर आणायचा, खांद्यावर लटकवून, पंख हलत, रानातून चालायचं नाही. डिकॉय (आमिषाला ठेवायचे नकली पक्षी) पण नेताना-आणताना पिशवीत.

कॉल करणारा कुठे बसतो याचंही सांगते, यात एक गंमत आहे. निसर्गात नर पिसारा फुलवून उभा राहतो आणि मादी त्याच्याकडे जाते. आपण मादीचा आवाज काढून त्याला उलटं करायला लावतोय. म्हणून तो बरेचदा येतो येतो आणि साठ-सत्तर यार्डांवर अडून बसतो, तिथूनच ओरडतो, म्हणतो तू ये. यावर जुना उपाय म्हणजे कॉल करणारा बंदूकवाल्याच्या मागे तीस-चाळीस यार्डांवर बसतो, मग नर जिथे अडतो ती जागा बंदुकीच्या टप्प्यात येते. तुम्ही कोर्स केलेला असेल तर तुमच्या पाळीला मित्र मागे बसून कॉल करू शकतो. अट अशी की बसायच्या आधी दोघांनी एकमेकांची जागा बोट दाखवून पक्की करायची, बंदुकीचा फिरण्याचा कोन समोरचाच ठेवायचा, डावीकडचं अमुक झाड ते उजवीकडचा तमुक खांब, त्याच्या बाहेर पक्षी गेला तर गेला, आणि बंदूकवाल्याने "उठलो" असं ओरडेपर्यंत मागच्याने जागा सोडायची नाही. मुलाच्या दिवशी हे जमत नाही कारण मित्राला हाताच्या अंतरावरच बसायचंय, तर त्या दिवशी मित्राच्या वडिलांना किंवा भावाला मागे बसून कॉल करायला विचारा. मेहुण्याच्या हातात कॉल देण्याआधी मात्र नियमपुस्तक बघा, काही राज्यांत दुसऱ्यासाठी कॉल करणं हीसुद्धा शिकारच धरतात.

कॉल कुठला, तर बॉक्स कॉल. लाकडी डबी, वर झाकण, खडू लावून घासली की आवाज येतो, मूल सुद्धा दहा मिनिटांत शिकतं. स्लेटचा कॉल जास्त गोड वाजतो, काडी पेनासारखी धरायची आणि टोक पाटीवरून न उचलता छोटे गोल काढायचे, उचललं की चिरकतं. तोंडात धरायचा पडद्याचा कॉल हात मोकळे ठेवतो पण त्याला सरावाला महिने लागतात आणि घरच्यांची सहनशक्ती. नवशिके सगळे एकच चूक करतात, फार वाजवतात. नराने उत्तर दिलं, तो जवळ सरकतोय असं वाटलं, की कॉल खाली ठेवा. त्याला तुमची जागा कळलेली असते, तो विसरत नाही, कधी कधी अर्ध्या तासाने गुपचूप, एकही आवाज न करता येऊन उभा राहतो. लोक कंटाळून उठतात आणि उठताना तो उडताना दिसतो.

बंदुकीबद्दल कमी बोलते कारण मित्राची वापरायची आहे. मुलाला बारा बोअर देऊ नका, पहिल्या धक्क्यालाच घाबरेल आणि पुढच्या वेळी चाप ओढताना डोळे मिटेल. वीस बोअरची छोट्या दस्त्याची, किंवा त्याहून बारीक नळीची चारशेदहा (.४१०), तिच्यात हल्ली टंगस्टनचे बारीक छर्रे मिळतात आणि ते जवळच्या अंतरावर उत्तम काम करतात. महाग आहेत, पण मुलाला लागणार किती, दोन-तीन. सराव मात्र हलक्या स्वस्त काडतूसांवर, कानावर मफ लावून. वरती रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारं साधन) बसवता आला तर बसवा, मुलं गाल दस्त्यावरून उचलतात आणि साध्या माशीवर नेम वर जातो. सीझनआधी मोठ्या कागदावर टर्कीचं डोकं आणि मान काढून वीस आणि तीस यार्डांवरून खऱ्या काडतूसाने एक-दोन बार टाकून बघाच, मानेत किती छर्रे बसतात ते मोजा, त्याशिवाय जाऊ नका. मोठ्यांना चाळीस यार्ड ही शेवटची हद्द, मुलाला मी पंचवीस देते. ब्लाइंडपासून पंचवीस पावलांवर एक काटकी रोवा, त्याच्या अलीकडे आला तरच, वाद नाही.

आणि तो आला की काय होतं ते आधीच मुलाला सांगून ठेवा. आधी ऐकू येण्याऐवजी छातीत जाणवल्यासारखा एक घुमणारा आवाज येतो, मग काळा गोळा दिसतो, पिसारा उभा, पंख जमिनीला घासत, डोकं पांढरं-निळं, गळ्याखाली लाल लटकतंय. पिसारा फुललेला असताना मान आत ओढलेली असते, तेव्हा मारायचं नाही, छर्रे पिसांत जातात आणि जखमी पक्षी निघून जातो. मित्र हळूच एक "टक" असा आवाज काढेल, पक्षी मान ताठ करून बघेल, तेव्हा मानेच्या मध्यावर. सेफ्टी तोवर चालूच. छातीवरची दाढी (लटकणारा केसांसारखा झुपका) दिसली का, मागे दुसरा पक्षी किंवा माणूस नाही ना, हे मित्राने "हो" म्हणायच्या आत बघितलेलं असेल. मुलाने नाही म्हटलं, हात थरथरले, रडू आलं, तर नाही. त्या क्षणी "अरे मार मार" म्हणणारा बाप मला ब्लाइंडमध्ये नको असतो, राग मानू नका. बरीच मुलं पहिल्या वर्षी नुसती बघतात आणि पुढच्या वर्षी आपणहून विचारतात.

मिळालाच तर टॅगचं काम तिथल्या तिथे उरका, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन किंवा फोनवर नोंदणी. पायामागचा काटा बघून वय कळतं, अर्ध्या इंचापेक्षा आखूड असेल तर एका वर्षाचा, इंचभर किंवा जास्त असेल तर म्हातारा आणि शहाणा. मित्राच्या वडिलांना मांसाचा वाटा विचारा, जागेचे मालक ते आहेत, आणि कुंपणाचं किंवा दगड वेचायचं काही काम असेल तर दुपारी दोन तास मदत करा, पुढच्या वर्षीचं बोलावणं तिथेच मिळतं.

बायकोच्या प्रश्नाचं उत्तर, हो, चांगलं लागतं, थँक्सगिव्हिंगच्या कोरड्या टर्कीवरून ठरवू नका. मोठा नर आठ-दहा किलोचा असतो पण चरबी नाही, म्हणून छातीचं मांस जास्त शिजवलं की चोथा होतो. त्याच्या धाग्याला आडव्या पातळ पट्ट्या कापा, आलं-लसूण-दही लावून रात्रभर ठेवा आणि मोठ्या आचेवर पटकन परता. साफ करताना प्रत्येक तुकडा बोटांनी दाबून छर्रे शोधा, छर्र्याबरोबर पिसाचं टोक आत गेलेलं असतं, तो काळपट भाग कापून टाका, शिशाचे छर्रे वापरले असतील तर जरा जास्तच काढा, मुलं खाणार असतात. इथले बरेच लोक पाय टाकून देतात कारण त्यात काड्यांसारख्या कडक शिरा असतात. तुम्ही टाकू नका, मागून घ्या. मांड्या आणि पाय कुकरला लावा, कोंबडीच्या दुप्पट शिट्ट्या धरा, हाडावरून सुटलं की शिरा हाताने ओढून निघतात, आणि त्या पाण्याचा तांबडा रस्सा करा. माझे सासरे त्यात ब्रेड बुडवून खातात.